पाणी पाहून पर पारखावे

नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ अर्पण होते, खवळलेले पाणी हळूहळू निवळू लागते आणि पावसाळाभर झापांखाली झाकून ठेवलेल्या होड्या पुन्हा लाटांवर स्वार होतात. आपल्या किनारपट्टीचा हा परंपरागत क्रम आहे. गेल्या काही दशकांत मात्र या होड्यांत एका नव्या उतारूची भर पडली आहे. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काचेचा मास्क आणि पायांत बदकाच्या पंजांसारखे लांबरुंद पर चढवून हा उतारू मुरगावबाहेरच्या ग्रांदे बेटापाशी, मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात किंवा मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ पाण्यात उतरतो. स्कूबा डायव्हिंग हा शब्द आता आपल्या बंदरांवर परका राहिलेला नाही. त्या विद्येबरोबर तिची साधने आली, साधनांबरोबर दुकाने आली आणि दुकानांच्या पाठोपाठ जाहिरातीही आल्या.

या साधनांपैकी पायांतल्या परांविषयी, म्हणजे पाणबुडे ज्यांना 'फिन' म्हणतात त्यांच्याविषयी, आम्ही आज लिहीत आहोत. थोड्याथोड्या वर्षांनी बाजारात काही तरी विलक्षण आकाराचा पर अवतरतो. कोणाचे पाते मधोमध चिरलेले, कोणाच्या पात्याला बिजागरी बसवलेली, कोणाचा आकार देवमाशाच्या शेपटीवरून घेतलेला, तर कोणाचे पाते पाण्याच्या दाबासरशी रुंदावणारे. रूपे निरनिराळी असली तरी दावा बहुधा एकच असतो : श्रम कमी, वेग अधिक. किंमत मात्र साध्या परांच्या दुप्पट-तिप्पट असते. असे पर घ्यावेत की न घ्यावेत, हा आजचा प्रश्न आहे.

अग्रलेखाच्या स्तंभात पायांतल्या वस्तूची चर्चा कशासाठी, असे एखाद्या वाचकास वाटेल. त्याचे उत्तर सरळ आहे. मालवण-तारकर्लीपासून गोव्यापर्यंत कोळ्या-खारव्यांच्या घरांतील कितीतरी तरुण आज पर्यटकांना पाण्याखाली नेऊन आणण्याच्या व्यवसायात आहेत. त्यांचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्या सात-आठ महिन्यांच्या मिळकतीवर वर्ष काढणाऱ्या तरुणाने चकचकीत जाहिरात पाहून महिन्याच्या कमाईचा मोठा हिस्सा एका जोडीवर घालावा काय, हा त्याच्या घरापुरता तरी गंभीर प्रश्न आहे. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. हे पर जेथे हलतात तेथे खाली प्रवाळ आहे, शंखशिंपल्यांची वसती आहे, माशांची वीण आहे. चुकीच्या पायातला चुकीचा पर तेथे काय करतो, याचा विचार केवळ खरेदीदाराने करून भागणार नाही.

प्रथम या वस्तूची कुळकथा पाहू. माणसाला माशाचा हेवा फार पूर्वीपासून वाटत आला आहे. पुढे अमेरिकेचा थोर मुत्सद्दी म्हणून गाजलेल्या बेंजामिन फ्रँक्लिनने लहानपणी चित्रकाराच्या रंगफळीसारख्या दोन लाकडी फळ्या करून हातांत धरल्या होत्या आणि पायांच्या तळव्यांना चपलांसारखे काही बांधले होते. त्याने नंतर आपल्या पत्रात दिलेला निष्कर्ष मोठा मार्मिक आहे. हातांतल्या फळ्यांनी वेग वाढला, पण मनगटे थकली. पायांतल्या साधनाने तर समाधान झालेच नाही, कारण पोहताना पाणी केवळ तळव्याने नव्हे, तर पावलाच्या आतल्या बाजूने आणि घोट्यानेही लोटले जाते, हे त्याच्या ध्यानात आले. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका मुलाने काढलेल्या या निष्कर्षात आजच्या खरेदीदाराला पुरेसा धडा आहे. वेग आणि थकवा यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, आणि साधन शरीराच्या ठेवणीशी जुळले नाही तर कल्पना कितीही नामी असली तरी ती फुकट जाते.

आज आपण पाहतो तसा पर प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय लुई द कोर्लिय या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याकडे जाते. १९१४ साली त्याने आपला पहिला नमुना सहकाऱ्यांना दाखवला आणि १९३३ साली त्याचे पेटंट घेतले. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारा अमेरिकन ओवेन चर्चिल याने पुढे त्याच्याकडून परवाना घेऊन हे पर अमेरिकेत तयार केले, आणि दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या पाणबुड्यांच्या पायांत गेले. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंचलित उपकरण सिद्ध केल्यावर या परांना खरी कामगिरी मिळाली. १९६० च्या दशकात फ्रान्समधील बशा यांच्या कारखान्यातून 'जेट फिन' हा जाड रबराचा, पात्यात झरोके असलेला पर निघाला. त्याही वेळी ती एक विलक्षण नवी वस्तूच होती. पण साठ वर्षे लोटली तरी तो पर आजही तयार होतो, विकला जातो आणि कसलेले पाणबुडे तो आवडीने वापरतात. नवे म्हणून काही त्याज्य नसते, याचा हा पुरावा आहे. मात्र तो टिकला तो नवेपणामुळे नव्हे, उपयोगाच्या कसोटीवर उतरला म्हणून.

याच्या जोडीला दुसरे उदाहरण ठेवू. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीट मॅकार्थी या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेतून पाते मधोमध चिरलेला, माशाच्या शेपटीसारखा दुभंगी पर बाजारात आला. त्याच्या पेटंटाखाली अनेक नामांकित कंपन्यांनी आपापले नमुने काढले. चिरलेल्या पात्याचे दोन भाग पाण्यात वळतात, विमानाच्या पंखासारखी उचल निर्माण करतात आणि थोड्या श्रमात पाणबुड्याला पुढे नेतात, असे त्यामागचे तत्त्व सांगितले गेले. हे पर पायाला खरोखरच हलके वाटत होते. ज्यांचे गुडघे किंवा घोटे दुखतात अशा लोकांना ते विशेष मानवले आणि आजही मानवतात. एवढ्यावरून काही वर्षे असे वाटले की साध्या सपाट पात्याचे दिवस भरले.

परंतु अनुभवाने दुसरी बाजू पुढे आणली. पाय वरखाली हलवून सरळ पुढे जायचे असेल तोवर दुभंगी पर गोड वाटतो. पण पाणबुड्याला नेहमी सरळ पुढे जायचे नसते. तळाशी गाळ असला म्हणजे तो बेडकासारखे पाय फाकवून पाणी मागे लोटतो, म्हणजे पाण्याचा झोत खाली जात नाही. खडकासमोर जागच्या जागी फिरायचे असले तर एकच पाऊल वल्ह्यासारखे वळवतो. फार जवळ गेल्यास पावलांनी पाणी पुढे ओढून मागे सरकतो. या तिन्ही क्रियांत पात्याला काही ताठपणा लागतो. लवचीक, चिरलेले पाते अशा वेळी वाऱ्यावरच्या केळीच्या पानासारखे लवते आणि पाण्याला पकड बसत नाही. म्हणून गुहांत, बुडालेल्या जहाजांत आणि गाळाच्या तळावर काम करणारे लोक पुन्हा साध्या, ताठ पात्याकडे वळले. दुभंगी पर नाहीसे झाले नाहीत; ते आपल्या योग्य जागी जाऊन बसले. पाव शतकाच्या उलाढालीचा निष्कर्ष इतकाच, की पर चांगला की वाईट हा प्रश्न अपुरा आहे. कोणाच्या पायात, कोणत्या पाण्यात आणि कोणत्या कामासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

आता जाहिरातीतल्या वेगाचा विचार करू. वेगाचा मोह माणसाला जमिनीवर आहेच, पण पाण्याखाली तो महाग पडतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधाला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सोप्या भाषेत सांगायचे तर वेग दुप्पट करण्यासाठी जवळजवळ आठपट जोर लावावा लागतो. जोर म्हणजे श्वास, आणि श्वास म्हणजे पाठीवरच्या टाकीतली मोजकी हवा. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे तेथे घेतलेला प्रत्येक श्वास टाकीतली दुप्पट हवा खातो. जो पाणबुड्या घाईने पाय मारतो तो अधिक पाहत नाही. तो फक्त लवकर वर येतो. म्हणून ज्या पराचा एकमेव गुण वेग, त्याचा तो गुण पर्यटकाला आणि त्याच्या वाटाड्याला बहुतेक वेळा निरुपयोगी आहे. प्रवाहाविरुद्ध जाण्याचा किंवा थकलेल्या सोबत्याला ओढून आणण्याचा प्रसंग आला तर जोर हवा, हे खरे. पण तो जोर साध्या, चांगल्या परातही असतो.

पर या वस्तूचा मूळ फायदा किती मोठा आहे, हे मोजून पाहिले गेले आहे. पाओला झाम्पारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यासंबंधीचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पाण्याच्या पृष्ठभागावर पर लावून पोहणाऱ्याला तेवढ्याच वेगाने पर न लावता पोहणाऱ्यापेक्षा सुमारे ४० टक्के कमी ऊर्जा लागते, असे त्यात आढळले. पायाच्या फटक्याची झेप सुमारे १० टक्क्यांनीच कमी झाली, पण फटक्यांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. मोठे पाते अधिक पाणी सावकाश लोटते; थोडे पाणी जोराने भिरकावण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकलणे किफायतीचे, हे त्यामागचे यंत्रशास्त्र आहे. आपला नाखवा लहान वल्हे भराभर न मारता मोठे वल्हे सावकाश ओढतो, तेही याच न्यायाने. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठा लाभ पर नसण्यापासून पर असण्यापर्यंतच्या पावलात आहे. साध्या परापासून विलक्षण परापर्यंतच्या पुढच्या पावलात तेवढाच लाभ मिळेल अशी अपेक्षा धरणे हा हिशेबाचा नव्हे, हौसेचा प्रकार झाला.

दुसरा मोह निसर्गाच्या नावाने घातला जातो. हा पर डॉल्फिनच्या शेपटीवरून घेतला, तो देवमाशाच्या परावरून घेतला, असे सांगितले की ग्राहकाची मान आपोआप डोलते. निसर्गाकडून शिकण्यात वावगे काहीच नाही. डॉल्फिनच्या शेपटीच्या घडणीवरून घेतलेला 'ल्यूनोसेट' नावाचा दोन्ही पायांचा मिळून एकच पर ही कल्पक वस्तू आहे, यात शंका नाही. परंतु १९३६ साली जेम्स ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने डॉल्फिनच्या वेगाचा हिशेब मांडला तेव्हा त्या प्राण्याच्या स्नायूंत तेवढी शक्ती असणे शक्य नाही असे त्याला वाटले आणि त्याच्या कातडीतच काही रहस्य असावे अशी समजूत रूढ झाली. पुढे २०१४ साली फ्रँक फिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात बुडबुड्यांचा पडदा सोडून डॉल्फिनने मागे टाकलेले पाणी मोजले. रहस्य साधे निघाले : डॉल्फिनजवळ शक्तीच पुष्कळ आहे. म्हणजे शेपटी उसनी आणली तरी ती हलवणारा पाठीचा कणा आणि स्नायू उसने आणता येत नाहीत. माणसाचा पाय मांडी, गुडघा आणि घोटा अशा तीन ठिकाणी मोडतो. त्या मोडणाऱ्या पायाला जुळेल तोच पर चांगला. मत्स्यावतार घेणे भगवंताला साधले. आपल्याला पोटऱ्यांत गोळे येतात.

आणि आता आपले पाणी. परदेशी नियतकालिकांतली चित्रे पाहिली तर तळ शंभर फुटांवरून दिसतो असे निळे, नितळ पाणी आढळते. आपला समुद्र तसा नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. मांडवी आणि जुवारी, कर्ली आणि गड या नद्या सह्याद्रीची माती घेऊन येतात. त्याच मातीच्या पोषणावर आपली मासळी जगते. ग्रांदे बेटाच्या परिसरात पुष्कळदा चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नाही. अशा पाण्यात वेग घेऊन जाणार कोठे? तळ गाळाचा किंवा वाळूचा असेल तर एका बेताल फटक्याने उठलेला धुरळा मागून येणाऱ्या चारही जणांचे दर्शन हिरावून घेतो. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी जुवारीच्या मुखाबाहेरच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तेथे हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी अशा वस्तू मिळाल्या. असल्या ठिकाणी काम करणाऱ्याला कोणता गुण हवा असेल, याची कल्पना करावी. त्याला शर्यत जिंकायची नसते. तळ न ढवळता, जागा न सोडता, हातातल्या मोजपट्टीवर नजर ठेवून स्थिर राहायचे असते. आपल्या पाण्यात पर्यटकाला नेणाऱ्या वाटाड्याचे कामही तत्त्वतः हेच आहे. आमच्या मते आपल्या किनाऱ्यावर पराचा पहिला गुण ताबा हा होय. वेगाचा क्रमांक त्यानंतर कोठे तरी लागतो.

प्रवाळाचा प्रश्न याच ठिकाणी येतो. कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया बेटावर नोला बार्कर आणि कॅलम रॉबर्ट्स यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पाणबुड्यांचा प्रवाळाशी जो स्पर्श होतो त्यांपैकी सुमारे ८१ टक्के स्पर्श परांच्या फटक्यांनी होतात, असे त्यांना दिसले. हातांनी नव्हे, टाकीने नव्हे, परांनी! ज्याच्या पायाला पात्याची लांबी उमगलेली नाही, तो आपल्या मागे काय मोडले हे पाहतही नाही. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी होडीवर दिलेल्या सूचनांचा फारसा परिणाम आढळला नाही. पण वाटाड्याने पाण्याखाली प्रत्यक्ष अडवून समज दिली तेव्हा स्पर्शांचे प्रमाण पुष्कळ घटले. म्हणजे उपाय पराच्या आकारात जितका आहे त्याहून अधिक वाटाड्याच्या जागरूकतेत आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट गाठीला बांधावी. प्रवाळ मोडला तर तो पुढल्या हंगामाला भरून येत नाही, आणि ओसाड खडक पाहण्यासाठी मुंबई-पुण्याचा पाहुणा पैसे मोजून येणार नाही.

मग हे नवे पर कोणी घ्यावेत? आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. जो वर्षातून एकदा हौसेने पाण्यात उतरतो त्याने मुळीच घेऊ नयेत. अशा पर्यटकाला बहुतेक वेळा बारा मीटरच्या आतच आणि वाटाड्याच्या हाताला धरूनच फिरवतात. त्याला भाड्याचे पर पुरतात. जो नुकताच शिकतो आहे त्यानेही घेऊ नयेत. त्याच्याजवळ पैसे असतील तर ते प्रथम चेहऱ्यावर नीट बसणाऱ्या मास्कवर आणि आणखी चार दिवसांच्या शिक्षणावर खर्च करावेत. तोल सांभाळता येत नसेल तर जगातला कोणताही पर तो देणार नाही. पी हळद नि हो गोरी हा न्याय पाण्याखालीही चालत नाही. ज्याचे वय झाले आहे, ज्याचे गुडघे कुरकुरतात आणि ज्याला नितळ पाण्यात सावकाश फिरायचे आहे, त्याने मऊ किंवा दुभंगी पराचा विचार जरूर करावा. त्याच्यासाठी तो पैसा वाया जाणार नाही. आपल्या गढूळ पाण्यात रोज दोन-तीन बुड्या मारणाऱ्या वाटाड्याने मात्र मध्यम लांबीचा, बेताच्या ताठपणाचा, साध्या पात्याचा पर सोडून नव्या आकाराच्या मागे लागण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

विचार म्हणजे केवळ दुकानातली निरखपारख नव्हे. पर हातात घेऊन वाकवून पाहिल्याने त्याची परीक्षा होत नाही. ती पाण्यातच होते. ज्याला परीक्षा करायची आहे त्याने आपलाच वेटसूट, आपलेच बूट आणि आपलीच टाकी घेऊन तलावात किंवा शांत पाण्यात उतरावे. ठराविक अंतर एकदा जुन्या परांनी आणि एकदा नव्यांनी काटावे. समुद्र असेल तर प्रवाहाचा फायदा-तोटा फिटावा म्हणून जाऊन येऊन काटावे. किती फटके लागले, टाकीच्या काट्यावर हवा किती उतरली, हे लिहून ठेवावे. त्यानंतर वेग बाजूला ठेवून जागच्या जागी वळून पाहावे, मागे सरकून पाहावे, तळापासून दोन हातांवर स्थिर राहून धुरळा उठतो का ते सोबत्याला पाहायला सांगावे. सोबत्याला थोडे अंतर ओढून न्यावे. शेवटी होडीच्या शिडीशी येऊन एका हाताने पर काढता येतो का ते पाहावे, कारण लाटेत दुसरा हात शिडीवरच लागतो. हे सारे एकदा करून भागत नाही. पहिल्या दिवशी नवे सारेच हलके वाटते. नव्याचे नऊ दिवस ओसरल्यावर पोटऱ्या जे सांगतील ते खरे मानावे.

खरेदीच्या वेळी आणखी काही बारकावे पाहावे लागतात. थंड प्रदेशातले पाणबुडे जाड, हवा भरलेला पोशाख घालतात, त्यामुळे त्यांचे पाय वर तरंगतात. म्हणून त्यांना जड रबरी पर सोयीचे पडतात. आपल्या उबदार पाण्यात पातळ पोशाखावर तेच पर घातले की पाय खाली ओढले जातात, शरीर तिरके होते आणि नेमका नको तोच धुरळा उठतो. परदेशी तज्ज्ञाने केलेली स्तुती त्याच्या पाण्यापुरती खरी असते, ती अशी. पाऊल बसते तो भाग घट्ट हवा, पण चावणारा नको. सैल पर पाण्यात निसटतो आणि घट्ट पर पेटके आणतो. टाचेमागचा पट्टा तुटला तर तसा पट्टा पणजीत, मडगावात किंवा मालवणात मिळेल काय, हे विचारावे. ज्याचा सुटा भाग परदेशातून मागवावा लागतो, तो पर हंगामाच्या ऐन मध्यावर अडगळीत पडतो. बिजागरी, खिळा, सांधा जितके अधिक, तितकी खाऱ्या पाण्याला शिरायला जागा अधिक. आणि कोणताही पर असो, गोड्या पाण्याने धुऊन तो सावलीत आडवा ठेवावा. टोकावर उभा करून ठेवलेल्या पराचे पाते वाकते आणि उन्हात टाकलेले रबर चिरते.

व्यक्तीने करावयाचे ते इतके. पण ही परीक्षा एकेकट्या तरुणाने आपल्या खिशाला खार लावून करावी, हे काही योग्य नव्हे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. समुद्रविज्ञान संस्थेत अनुभवी पाणबुडे आहेत. हंगामाच्या आरंभी एखादा दिवस ठरवून या संस्थांनी बाजारातले निरनिराळे पर एकत्र आणावेत, व्यवसायातल्या तरुणांना ते आपल्या पाण्यात वापरून पाहू द्यावेत आणि जे आढळले ते मराठीत आणि कोकणीत छापून बंदराबंदरांवर वाटावे. त्याला मोठा खर्च नाही. विक्रेत्याने सांगावे आणि ग्राहकाने ऐकावे, या रीतीपेक्षा हे पुष्कळ बरे. व्यवसाय चालवणाऱ्यांनीही आपल्या घरातले भाड्याचे पर एकदा तपासावेत. फाटक्या पट्ट्याचे, दोन पायांना दोन मापांचे पर पाहुण्याच्या पायांत चढवून त्याच्याकडून प्रवाळाची अदब राखली जाईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपले वाडवडील सांगून गेले. जाहिरातीचेही तसेच आहे. नव्या वस्तूला दार बंद करावे असे आम्ही म्हणत नाही. द कोर्लियच्या काळी सगळ्यांनी तसे केले असते तर माणूस आजही पाण्यात हातपाय झाडत राहिला असता. पण नव्याने आपली लायकी आपल्या पाण्यात, आपल्या पायांत सिद्ध करावी आणि तोवर त्याने दुकानाच्या फळीवर थांबावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण आपल्याला घरीच मिळालेली आहे. पाणी पाहून पर घालावेत, एवढीच तिला पुस्ती जोडावी. वर्षभर थांबल्याने कोणाचे काही बुडत नाही. एक हंगाम वापरून दुसऱ्या कोणी तरी ते पर पुन्हा विकत घेण्याची इच्छा दाखवली, तर मग आपण खुशाल किंमत विचारावी.